उद्योगसंस्था आणि कायदेमंडळ

सरकारशीं करार झाला, त्यावर सही-शिक्का उमटला, कीं राजकारणाची बाजू कायमची मिटली, असा पुष्कळ मोठ्या कंपन्यांचा समज असतो. परंतु लोकशाहींत सही करणारें सरकार बदलतें. कायदेमंडळ मात्र टिकतें, आणि आज विरोधी बाकांवर बसलेला सभासद उद्यां मंत्री होतो. एवढी साधी गोष्ट दृष्टीआड झाल्यास काय अनर्थ ओढवतो, याचें उदाहरण कोंकणांतच घडलें आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांत दाभोळच्या खाडीजवळ वीजकेंद्र उभारण्यासाठीं एन्रॉन या अमेरिकन कंपनीनें जून १९९२ मध्यें राज्य वीज मंडळाशीं प्राथमिक करार केला. त्यापूर्वीं निविदा मागविल्या नव्हत्या. डिसेंबर १९९३ मध्यें वीजखरेदीचा करार झाला. पण त्यांतील कलमें जाहीर झालीं नाहींत. मंडळानें वीज घेतली नाहीं तरी ठराविक रक्कम भरावयाची, आणि दराचा मोठा भाग डॉलरच्या भावाशीं जोडलेला, हें जेव्हां बाहेर आलें, तेव्हां संशयानें मूळ धरलें. प्रकल्पाची पूर्वतयारी व लोकशिक्षण यांवर दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचें कंपनीच्या अधिकाऱ्यानें १९९५ च्या आरंभीं अमेरिकन काँग्रेसपुढें सांगितलें. त्या आंकड्यानें समाधान होण्याऐवजीं लांचेचा संशय मात्र बळावला.

मार्च १९९५ मध्यें सत्तांतर झालें. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीनें करारावर कडक टीका केली, आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजीं मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनीं विधानसभेंत प्रकल्प रद्द झाल्याचें सांगितलें. फेरवाटाघाटी होऊन १९९९ मध्यें ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला खरा. परंतु दराचा तंटा संपला नाहीं. मे २००१ मध्यें मंडळानें वीज घेण्याचें थांबविलें व केंद्र बंद पडलें.

यावर कोणी म्हणेल, कीं आमदारांपुढें सर्व कागद ठेवले असते तर आक्षेपांना ऊत येऊन काम रेंगाळलें असतें. रेंगाळलें असतेंही. पण कागदावरचें कलम खोडण्यास शाईचा एक फराटा पुरतो. पाया भरल्यावर तेंच कलम बदलावयाचें तर कोट्यवधि रुपये व कित्येक वर्षें खर्चीं पडतात. आगाऊ विचारविनिमयाचा हेतु केवळ संमति मिळविणें हा नव्हे. चूक स्वस्तांत दुरुस्त करून घेणें हा आहे.

म्हणून शहाण्या कंपनीनें सही होण्यापूर्वींच कायदेमंडळाच्या सभासदांना भेटावें. सत्ताधारी पक्षाच्या तर खरेंच, पण विरोधी पक्षाच्या आणि ज्याच्या मतदारसंघांत धुराडें उभें राहणार त्या सभासदाला आधीं. दराचा हिशेब उघड मांडावा, प्रश्नांना लेखी उत्तरें द्यावीं, आणि योग्य आक्षेपापुढें कलम बदलण्याची तयारी ठेवावी. हें सारें चारचौघांत सांगतां येईल असेंच असावें. जें दाराआड करावें लागतें तें विचारविनिमय नव्हे. १९९९ पासून महाराष्ट्रांत वीज नियामक आयोग दरांसंबंधीं जाहीर सुनावण्या घेत आला आहे. परंतु आयोगाची सुनावणी ही कायदे करणाऱ्यांच्या विश्वासाची जागा घेऊं शकत नाहीं.

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. कोट्यवधींचें भांडवल घालणाऱ्यांनींही तें ध्यानांत ठेवणें बरें.