पनवती

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



या मंचावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. यंदा मंडळानं आम्हाला क्रिकेटवर बोला म्हटलं. आम्ही म्हणजे १९९६ साली मोहगावात एका मित्राच्या घरी रंगीत टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसणारी आठ-दहा पोरं. आज त्यातला कोणी शिक्षक आहे, कोणी पटवारी, कोणी डिप्लोमा करून सरकारात उपयंत्री झाला. माइकसमोर उभा एकच असला तरी बोलणं सगळ्यांचं आहे, कारण जे सांगायचं आहे ते सगळ्यांनी मिळून केलेलं आहे.

१३ मार्च १९९६. वर्ल्ड कपची सेमीफायनल, ईडन गार्डन. श्रीलंकेच्या २५१ धावा. आपले १ बाद ९८, सचिन ६५ वर. आमचा एक मित्र उशिरा आला. वावरातून आला होता. पाय धुऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "किती झाले बे?" त्याच चेंडूवर सचिन यष्टिचीत. पुढं काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. ८ बाद १२०, बाटल्या, आगी, सामना श्रीलंकेला बहाल, आणि रडत बाहेर पडणारा कांबळी. आम्हीही रडलो. रडून झाल्यावर सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. त्या रात्रीपासून त्याचं नाव पडलं पनवती.

तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. सगळेच असं करायचे. आमच्यातल्या एकाच्या काकू स्वयंपाकघरात गेल्या की चौकार बसतो, असा शोध लागला होता. बिचाऱ्यांना एका सामन्यात चार वेळा चहा करावा लागला. आणि खुद्द खेळाडू तरी कुठं मागं आहेत? सचिन डावा पॅड आधी बांधायचा. मोहिंदर अमरनाथच्या खिशात लाल रुमाल असायचा, स्टीव्ह वॉच्याही. पंच डेव्हिड शेफर्ड तर धावफलकावर १११ लागले की एक पाय उचलून टुणकन उडी मारायचे. १९८३ ला झिंबाब्वेविरुद्ध आपले ५ बाद १७ झाले, मग कपिलनं नाबाद १७५ केल्या; ती खेळी चालू असताना जागचं हलायचं नाही असा दंडकच होता, हा किस्सा श्रीकांत रंगवून सांगतात. २०११ च्या फायनलला सेहवाग शून्यावर आणि सचिन १८ वर बाद झाल्यावर सचिननं सेहवागला ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसवून ठेवलं, हलू दिलं नाही.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, तिथं तर यावर कडी. बोस्टनच्या रेड सॉक्स संघानं बेब रूथ हा आपला खेळाडू १९१९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकला. आधी १९१८ ला ते जिंकले होते, त्यानंतर एकदम २००४ ला. मधली ८६ वर्षं लोक म्हणत, रूथचा शाप आहे. शिकागोच्या कब्ज संघाला एका बकरीवाल्याचा शाप होता म्हणे. १९४५ ला त्याला बकरीसकट मैदानात बसू दिलं नाही म्हणून. ते २०१६ ला जिंकले, १०८ वर्षांनी. वेड बॉग्ज नावाचा फलंदाज प्रत्येक सामन्याआधी कोंबडीच खायचा.

यातला एक अभ्यास मात्र आम्हाला फार पटला. जॉर्ज ग्मेल्श हे स्वतः बेसबॉल खेळलेले मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी पाहिलं की हे सगळे तोडगे फलंदाजी आणि चेंडूफेकीभोवतीच असतात. क्षेत्ररक्षणाला कोणी तोडगा करत नाही. कारण साधं आहे. तिथं चांगला फलंदाजही दहातून तीनदाच यशस्वी होतो. झेल मात्र जवळजवळ नेहमीच हातात बसतो. त्यांच्याआधी मालिनोव्स्की यांनी पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर हेच पाहिलं होतं. खाडीच्या शांत पाण्यात मासे धरताना मंत्र नाही. खुल्या समुद्रात जायचं तर मंत्रतंत्र.

हे वाचलं आणि आमच्या उपयंत्र्याला आपली कामंच आठवली. हँडपंप दुरुस्त करताना कोणी नारळ फोडत नाही. वॉशर बदलला की पाणी येतं, हे ठाऊक असतं. पण नवं बोअर मारायचं ठरलं की तळहातावर नारळ आडवा ठेवून पाणाड्या वावरभर फिरतो. खाली पाणी लागेल की नुसती भुकटी उडेल, हे कोणालाच ठाऊक नसतं. अंबिया बहाराच्या वेळी गारपिटीचं आभाळ आलं की संत्र्याच्या बगीच्यात शिकलेला माणूसही काय काय करतो, ते आम्ही पाहिलंय. आम्हीही केलंय.

इथवर हसण्यासारखं आहे. डावा पॅड आधी बांधला तर उजव्याला वाईट वाटत नाही. पण तोडगा वस्तूवरून माणसावर आला की गोष्ट बदलते. नव्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणारी घरं आपल्यातही होती. आजचा सण तर या बाबतीत आपल्याला बरंच सांगतो. चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिला तर खोटा आळ येतो, म्हणून आपण खिडक्या लावतो. साक्षात श्रीकृष्णावर स्यमंतक मणी चोरल्याचा आळ आला, तो त्याला स्वतः शोधून आणून द्यावा लागला. आळ घेणाऱ्यांनी काही शोधलं नाही.

आमचा मित्र पुढं मॅच बघायला आलाच नाही. २ एप्रिल २०११ ला धोनीनं षटकार मारला तेव्हा तो अर्धनारीश्वराच्या देवळात एकटा बसला होता. फटाके वाजले तेव्हा त्याला कळलं. आम्ही पेढे घेऊन गेलो आणि वर म्हणालो, तू नव्हतास म्हणून जिंकलो. तो हसला. आम्हाला वाटलं, त्यालाही गंमत वाटते.

दोन वर्षांनी शेजारच्या वावरात बोअर चालू होतं. तो मदतीला गेला, तर त्याला म्हणाले, जरा लांब उभा राहा. सांगणाऱ्या म्हाताऱ्यानं आयुष्यात क्रिकेट पाहिलं नव्हतं. नाव आम्ही दिलेलं. टीव्हीच्या खोलीतून ते कधी बाहेर पडलं आणि गावभर झालं, आम्हाला पत्ताच नव्हता. पुढं त्याच्या पोराच्या शाळेतही ते पोचलं होतं.

आपण नकाशानं मध्यप्रदेशचे, बोलीनं विदर्भाचे. त्यामुळे रणजीत दोन्ही संघ आपले. विदर्भ १९५७-५८ पासून खेळतोय. पहिला करंडक मिळाला २०१७-१८ ला, तोही इंदूरला, दिल्लीला हरवून. प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. हेच पंडित १९९८-९९ ला मध्यप्रदेशचे कप्तान होते आणि बंगळूरुच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाकडून फायनल हरले होते. २०२२ ला मध्यप्रदेश पुन्हा फायनलला पोचला, पुन्हा चिन्नास्वामीवरच, समोर मुंबई. आमच्या हिशेबानं पंडितांना तर फाटकाच्या आत येऊ द्यायला नको होतं. मध्यप्रदेशनं त्यांना प्रशिक्षक केलं होतं. सहा गडी राखून जिंकले.

तो सामना संपला त्या संध्याकाळी आम्ही सगळे मित्राच्या घरी गेलो. माफी कशी मागायची ते ठरवून गेलो होतो, पण तिथं कोणालाच बोलता येईना. वहिनींनी चहा आणला. शेवटी तोच म्हणाला, "त्या दिवशी मी फक्त स्कोअर विचारला होता. अजून कोणी सांगितला नाही."

आमच्यातला एक जण म्हणाला, "एक बाद अठ्ठ्याण्णव."

"चांगला होता बे," तो म्हणाला.

आज तो इथं तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव सांगून त्याला उभं करणार नाही. आरतीची वेळ होत आली, आम्ही थांबतो. गणपती बाप्पा मोरया.