फाईल नेमकी कुणाकडे आहे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितले, "तू पुण्यात कंपनीत नेमके काय करतोस ते आम्हाला समजेल असे सांग, आणि जेवणाची वेळ होण्याआधी संपव." दोन्ही अटी पाळायचा प्रयत्न करतो.

माझे काम एका वाक्यात असे आहे. कुठल्याही कार्यालयात एखादे काम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. तो रस्ता आधी आखायचा, संगणकात घालायचा आणि रोज हजारो कामे त्यावरून आपोआप चालती ठेवायची. याला वर्कफ्लो म्हणतात. कर्जाचा अर्ज, विम्याचा दावा, कारखान्याची खरेदी, सगळे याच पद्धतीने चालते.

तुम्हाला वाटेल, हे पुण्या-मुंबईचे. पण या मांडवात बसलेल्या प्रत्येकाचे आयुष्य आज अशाच एखाद्या रस्त्यावरून जाते. शिक्षकांचा पगार शालार्थमधून निघतो. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून येते. शेताचा फेरफार ई-फेरफारमध्ये होतो. धान विकायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी, सातबारा, ई-पीक पाहणी, आधार, पासबुक. आपल्यातले काहीजण पडद्याच्या या बाजूला अर्जदार आहेत, काहीजण त्या बाजूला खुर्चीवर. म्हणून आज मी रस्ता कसा आखतात यापेक्षा तो नीट कसा सांभाळावा, यावर बोलणार आहे.

पहिली गोष्ट रेल्वेची. आपण जंक्शनच्या गावचे लोक, त्यामुळे ती लवकर कळेल. एकेरी मार्गावर पूर्वी ड्रायव्हरला लोखंडी गोळा दिला जायचा. तो हातात असल्याशिवाय गाडी पुढच्या भागात न्यायची नाही. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शकायचा आणि तो बाहेर आहे हे दोन्ही स्टेशनमास्तरांना ठाऊक असायचे. चांगल्या वर्कफ्लोचा पहिला नियम हाच. काम कोणत्याही क्षणी एकाच्याच हाती असावे आणि ते कुणाच्या हाती आहे हे सगळ्यांना दिसावे. "विभागाकडे प्रलंबित" असे जिथे लिहिलेले असते तिथे गोळा कुणाकडेच नसतो. विभाग नावाचा माणूस रजेवर जात नाही आणि कामावरही येत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक पायरीला एका माणसाचे नाव लावतो, आणि तो रजेवर असेल तर कुणाकडे जायचे तेही त्याच दिवशी लिहून ठेवतो.

दुसरी गोष्ट वेळेची. लोकांना वाटते, संगणक आला म्हणजे थांबणे संपले पाहिजे. पण थांबण्याचे दोन प्रकार असतात. ई-फेरफारचेच पाहा. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की माहिती संगणकातून तहसीलकडे जाते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराची नोंद घेतात. हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी १५ दिवस थांबावे लागते. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते आणि त्यावर सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो.

माहिती तहसीलला पोहोचायला पूर्वी लागायचा तो वेळ वाया जाणारा होता. तो गेला, बरे झाले. पण हरकतीचे १५ दिवस वाया जात नाहीत. वारसाची नोंद असेल तर ते दिवस लग्न होऊन बालाघाटला गेलेल्या बहिणीचे आहेत, कामासाठी हैदराबादला गेलेल्या धाकट्या भावाचे आहेत. आपले नाव सुटले आहे हे कळायला आणि ते सांगायला त्यांना मिळालेली ती जागा आहे. कुणी हुशार माणूस म्हणाला, "सगळे आपोआप आहे, मग हे दिवस कशाला?" तर त्याला थांबवा. रस्त्यातला कोणता थांबा आळसाचा आणि कोणता हक्काचा, हे यंत्र सांगू शकत नाही. ते आखणाऱ्याने ठरवायचे असते.

तिसरी गोष्ट मुदतीची. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते आणि ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज नाकारला, तर पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यानंतर आयोग. योग्य कारण नसताना कसूर केली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या दृष्टीने हा कायदा म्हणजे कागदावर उत्तम आखलेला वर्कफ्लोच आहे. पायरी, माणूस, मुदत, आणि मुदत चुकली तर पुढे काय, चारही गोष्टी त्यात आहेत.

पण मुदतीच्या घड्याळाला एक खोड असते आणि ती मी खासगी कंपन्यांत रोज पाहतो. ज्याच्यावर घड्याळ लावले तो शेवटच्या दिवशी कामाला "त्रुटी" लावून परत पाठवतो. त्याच्याकडचे घड्याळ थांबते, अहवाल हिरवा दिसतो आणि काम तिथेच राहते. म्हणून आम्ही किती कामे मुदतीत झाली एवढेच मोजत नाही. एकच काम किती वेळा परत गेले तेही मोजतो. दोनदा परत गेलेले काम वरच्या माणसाने स्वतः उघडून पाहायचे, असा नियम ठेवतो. या एका नियमाने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या सॉफ्टवेअरने पडलेला मी पाहिला नाही.

चौथी गोष्ट आमच्या घरची आहे. माझ्या मोठ्या वडिलांनी एका हंगामात आधारभूत केंद्रावर धान दिले. नोंदणी झाली, काटा झाला, पावती मिळाली. गावातल्या बाकीच्यांचे चुकारे आले, यांचे आले नाहीत. केंद्रावर विचारले तर, "पैसे पाठवले." बँकेत विचारले तर, "आले नाहीत." मोठे वडील म्हणायचे, "एकजण तरी खोटं बोलते." पण दोघेही खरे बोलत होते. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँका विलीन होऊन चार झाल्या. पुढे जुन्या शाखांचे आयएफएससी कोड बदलले. यांच्या नोंदणीत जुन्या पासबुकावरचा कोड होता. पैसे निघाले, जागा सापडली नाही म्हणून परत गेले आणि "परत आलेले" अशा एका यादीत जाऊन बसले. ती यादी यंत्र नियमाने तयार करत होते. ती उघडून पाहणे मात्र कुणाच्याच कामात लिहिलेले नव्हते. त्या काळात उन्हाळी धानाचे खत उधारीवर आणावे लागले आणि उधारीवर व्याजही गेले. शेवटी बँकेतल्या एका जुन्या बाबूंनी पासबुक हातात घेऊन पाहिले, तेव्हा गाठ सुटली.

आमच्या धंद्यात नवीन मुलामुलींना मी हेच सांगतो. शंभरातली पंच्याण्णव कामे सुरळीत जातात, ती यंत्राची. अडलेली पाच तुमची. त्या पाचांची यादी रोज सकाळी पहिल्या चहाच्या आधी उघडायची. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहायच्या: का अडले, कोण सोडवणार, आणि ज्याचे काम आहे त्याला कळवले का. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. त्या माणसाला एवढेच कळले असते की "तुमचा कोड जुना आहे, नवीन पासबुक आणा", तर ते दुसऱ्या दिवशी सायकलवर घेऊन गेले असते.

पाचवी गोष्ट अशी की सगळे आजार वर्कफ्लोने बरे होत नाहीत. आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगायची गरजच नाही. धान केंद्रावरून गोदामात, गोदामातून मिलमध्ये भरडाईला, आणि १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ सरकारी साठ्यात. मिलवाल्यांनी उचल केली नाही तर गोदाम भरते, गोदाम भरले की काटा थांबतो. मग नोंदणी दोन मिनिटांत झाली काय आणि दोन तासांत झाली काय, कट्टे अंगणातच. अवकाळी पाऊस आला तर भिजतातही. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ मध्ये 'द गोल' नावाचे पुस्तक लिहिले. त्यातली मध्यवर्ती गोष्ट हीच आहे की सगळ्या साखळीचा वेग तिच्यातल्या सर्वांत अरुंद जागेएवढाच असतो. तिच्या अलीकडे कितीही घाई केली तरी तिथला ढीग तेवढा वाढतो. म्हणून कुठलीही संस्था "आम्हाला सगळे ऑनलाइन करायचे आहे" म्हणाली की मी आधी विचारतो, "तुमचे गोदाम कुठे भरते?"

शेवटची गोष्ट थोडी दूरची, ऑस्ट्रेलियाची. तिथल्या सरकारने सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांची तपासणी आपोआप करायचे ठरवले. माणसाचे वर्षाचे उत्पन्न घ्यायचे, ते सगळ्या पंधरवड्यांत सारखे वाटायचे आणि फरक दिसला की वसुलीची नोटीस पाठवायची. पूर्वी मध्ये एक कर्मचारी कागद पाहायचा, ती पायरी काढली. पण हंगामी मजुराचे उत्पन्न दर पंधरवड्याला सारखे असते का? रोवणीच्या दिवसांतली मजुरी आणि चैत्रातली मजुरी सारखी असते का? हे आपल्याकडच्या कुणालाही सांगता आले असते. चार लाखांहून अधिक लोकांवर चुकीची थकबाकी लागली. ती योजना बेकायदेशीर ठरली, पैसे परत करावे लागले आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने तिच्यावर कडक अहवाल दिला. लोक तिला रोबोडेट म्हणतात. यंत्राने हिशेब अगदी सांगितल्याप्रमाणे केला होता. चूक सांगणाऱ्याची होती, आणि ती पकडणारा माणूस रस्त्यातून काढून टाकला होता.

मित्रांनो, आता या सगळ्यातून तुमच्याकडे काय मागायचे?

जे खुर्चीवर आहेत, त्यांना विनंती की अडलेल्यांची यादी रोज उघडा, आणि ज्याचे काम अडले आहे त्याला कारण कळवा.

जे अर्जदार आहेत, त्यांनी पावती जपून ठेवा. त्यावर अर्ज क्रमांक असतो, मुदत असते. कार्यालयात गेल्यावर "काय झालं माझ्या कामाचं?" असे विचारू नका. त्याला "होऊन जाईल" हे उत्तर ठरलेले आहे. त्याऐवजी विचारा, "कुणाकडे आहे आणि किती तारखेपासून आहे?" या प्रश्नाला नाव आणि तारीख द्यावीच लागते.

आणि आपल्या सगळ्यांसाठी एक प्रस्ताव. धानाची नोंदणी सुरू होण्याआधी एका रविवारी आपण शाळेच्या दोन खोल्या मागून घेऊ. आपल्यात बँकेचे लोक आहेत, महसूलचे आहेत, सेवा केंद्र चालवणारे आहेत. आसपासच्या गावांतल्या लोकांनी सातबारा, आधार आणि पासबुक घेऊन यावे. तिन्हीवर नाव एकसारखे आहे का, कोड नवा आहे का, खाते आधारला जोडलेले आहे का, एवढेच तपासून द्यायचे. एका माणसाला दहा मिनिटे पुरतील. मागे राहिलेली कामे शोधण्यापेक्षा ती मागे राहूच नयेत हे स्वस्त पडते.

गणिताच्या तासाला सर उत्तराला एक गुण द्यायचे आणि पायऱ्यांना चार. तेव्हा आम्हाला तो अन्याय वाटायचा. त्या चार गुणांवर माझी बावीस वर्षांची नोकरी चालली आहे, हे सरांसमोर सांगायला मिळाले याचा आनंद आहे.

रविवारच्या कामाला ज्यांना यायचे आहे त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे. नावासमोर तुम्ही कोणते काम सांभाळणार तेही लिहा, म्हणजे गोळा कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळेल.