गाडीच्या पोटांतील पेट्रोलपंप

पेट्रोलपंप म्हटला कीं रस्त्याच्या कडेची ती गाड्यांची रांग आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु पुष्कळ वाहनांच्या पोटांतहि एक पेट्रोलपंप असतो. आकारानें मुठीएवढा, आणि सहसा कोणाच्या दृष्टीस न पडणारा. तो चालतो तोंवर त्याची आठवण कोणास होत नाहीं. तो थकला म्हणजे मात्र मोठ्या डौलाचें वाहनहि चढावर धापा टाकूं लागतें.

जुन्या मोटारसायकलींना बहुधा हा पंप नसतोच. आपल्याकडील कार्ब्युरेटरची बुलेट, येझदी किंवा राजदूत घ्या. टाकी वर, कार्ब्युरेटर खालीं. तोटी उघडली कीं पेट्रोल आपल्या भारानेंच उतरतें. गुरुत्वाकर्षण हाच तेथला पंप, आणि तो नादुरुस्त झाल्याचें अद्यापि ऐकिवांत नाहीं.

या रीतीला सोडून जी गाडी पुष्कळ गाजली, ती म्हणजे होंडा कंपनीची ‘गोल्ड विंग जीएल १०००’. १९७४ सालीं जर्मनींतील कोलोन येथील प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली व १९७५ पासून विकली जाऊं लागली. अमेरिकेंतील शेंकडों मैलांचे सरळ रस्ते एका दमांत तोडूं पाहणाऱ्या प्रवाशांसाठीं ती मुख्यतः योजिलेली होती. ९९९ घनसेंटिमीटरचें, पाण्यानें थंड राहणारें, आडव्या चार सिलिंडरांचें इंजिन. अर्थात् वजन भारी. तें वजन जमिनीजवळ राहावें म्हणून कारागिरांनीं पेट्रोलची टाकी बैठकीखालीं नेली. नेहमींच्या जागीं जी टाकी दिसते ती निव्वळ सोंग आहे. तिच्या आंत विजेचें सामान वगैरे असतें, आणि पहिल्या कांहीं वर्षांच्या गाड्यांत तर किकचा दांडाहि तेथेंच ठेवलेला असे. पेट्रोल असें खालीं गेल्यामुळें तें वर चढविण्यास पंप लागला.

या पंपाची रचना पाहण्यासारखी आहे. इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरतो तसा तो एक लहान तरफ हलवितो. ती तरफ डायफ्रॅम नांवाचा लवचिक पडदा मागें ओढते. पोकळींत जागा होते व पेट्रोल आंत शिरतें. मग तरफ सैल पडते आणि पडद्यामागची स्प्रिंग त्याला पुढें ढकलते; पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातें. तें मागें फिरूं नये म्हणून दोन एकमार्गी झडपा. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे: पेट्रोल पुढें ढकलणारी ती स्प्रिंग, इंजिन नव्हे. कार्ब्युरेटरांतील वाट्या भरल्या आणि त्यांच्या सुया मिटल्या कीं पुढचा मार्ग बंद होतो. पडदा ओढलेल्याच स्थितींत थांबून राहतो व तरफ पोकळ हलत राहते. जितकी गरज तितकाच पुरवठा, आणि त्यासाठीं ना वीज ना कोणी पहारेकरी! आणि इंजिन थांबलें कीं पंपहि थांबला.

पण पडदा अमर नाहीं. चाळीस-पन्नास वर्षांत तो ताठरतो, त्याला सूक्ष्म चिरा पडतात. त्यांतच आतां पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असतें. अमेरिकेंत सर्रास शेंकडा १०, आणि भारतांत २०२५ पर्यंत तें प्रमाण शेंकडा २० वर आलें. जुन्या काळचें रबर या मिश्रणासाठीं बनविलेलें नव्हतें. पडदा फाटला तर पंपाच्या घडणीप्रमाणें पेट्रोल एक तर बाहेर, तापलेल्या इंजिनावर ठिबकतें, किंवा गुपचूप आंत वंगणांत मिसळतें. पहिल्यांत आगीचें भय आहे. दुसऱ्यांत भय दिसत नाहीं एवढेंच. पातळ झालेलें वंगण बेअरिंगांना खाऊन टाकतें.

तथापि गाडी अडखळली कीं पंपावरच दोष ठेवणें हा उतावीळपणा होय. टाकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र बुजलें असेल, गाळणी तुंबली असेल. सर्वांत फसवी म्हणजे टाकी आणि पंप यांमधील नळी. पंपाच्या पुढची नळी चिरली तर पेट्रोल गळतें, वास येतो, कळतें. मागची नळी चिरली तर ती पेट्रोल गाळण्याऐवजीं हवा शोषते; ना थेंब, ना वास. चार आण्यांच्या नळीपायीं धडधाकट पंप फेंकून दिल्याचीं उदाहरणें थोडीं नसतील. नळ्या व गाळणी नव्या करूनहि पेट्रोल येत नसेल, तरच पंपाकडे वळावें.

मग पर्याय दोन: तसाच यांत्रिक पंप बसविणें, किंवा विजेचा. विजेचा पंप स्वस्त व सुलभ असतो. पण त्यांत दोन खांचखळगे आहेत. या कार्ब्युरेटरांना चौरस इंचास दोन-तीन पौंड दाब पुरे. आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांचा पंप तीस-चाळीस पौंड किंवा त्याहूनहि अधिक दाब देतो. तो येथें जोडला तर सुया उचलल्या जाऊन पेट्रोल वाहूं लागेल व थेट सिलिंडरांत उतरेल. द्रव दाबला जात नाहीं. अशा वेळीं इंजिन फिरविलें तर लोखंडी दांडाहि वांकतो. दुसरें असें कीं इंजिन थांबल्यावर विजेचा पंप आपण होऊन थांबत नाहीं. गाडी पडली, नळी तुटली, तरी तो पेट्रोल ओतीतच राहील. म्हणून इंजिन बंद होतांच त्याची वीज तोडणारी योजना करणें अवश्य आहे. ती न करणारा मिस्त्री कितीहि कुशल असो, त्याच्या हातीं गाडी देऊं नये.

यांत्रिक पंप घेतांना ‘न वापरलेला, मूळ खोक्यासह’ या शब्दांना भुलूं नये. तो १९७८ सालापासून फळीवर असेल तर त्यांतील रबरहि तेव्हांपासूनच म्हातारें होत आलें आहे.

प्रत्यक्ष बदलण्याचें काम अवघड नाहीं, धोक्याचें आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीवरून सरपटत जाते. अमेरिकन घरांत मोटारखान्यांतच पाणी तापविण्याचें यंत्र असतें व कांहीं यंत्रांत एक बारीक ज्योत अखंड तेवते. ती ज्योत जमिनीपासून १८ इंच उंच असावी, असा तेथें नियम आहे, तो याच वाफेसाठीं. काम उघड्यावर करणेंच बरें. इंजिन थंड होऊं द्यावें, बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी, नळ्यांवर खुणा कराव्या. जुनें गॅस्केट खरवडतांना भोंकांत चिंधी कोंबावी, म्हणजे तुकडे इंजिनांत पडणार नाहींत; आणि चिंधी काढण्यास विसरूं नये! तरफेवर कॅमचा दाब कमींत कमी असेल अशा स्थितींत इंजिन फिरवून ठेवावें, नाहीं तर पंप तिरपा बसतो. बोल्ट आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे. ॲल्युमिनियमचे आटे जोर सोशीत नाहींत.

नंतर स्टार्टर थांबून थांबून फिरवावा. वाट्या भरण्यास वेळ लागतो. इंजिन सुरू झालें कीं कोरड्या कागदानें प्रत्येक सांधा पुसून पाहावा. वंगणाला पेट्रोलचा वास असेल किंवा त्याची पातळी वाढलेली असेल, तर तें वंगण गाळणीसह बदलल्यावांचून गाडी रस्त्यावर नेऊं नये. सांधे दुसऱ्या दिवशीं सकाळीं, इंजिन थंड असतांना, पुन्हां एकदां तपासावे. धातु आकसल्यावरच कांहीं गळती प्रकट होतात.