कोड पडल्यानंतर



अध्यक्षीय भाषणात धंद्याच्या भवितव्याबद्दल दोन मोठी विधाने करावीत अशी प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी एकाच अडचणीवर बोलणार आहे. पोकलेनच्या किंवा जेसीबीच्या डिस्प्लेवर सेन्सरचा कोड पडतो, सेन्सर बदलला जातो, आणि दोन दिवसांत तोच कोड पुन्हा उभा राहतो. मग ‘नवा सेन्सरच खराब निघाला’ असे म्हणून आणखी एक मागवला जातो. माझे म्हणणे असे की इथे हाताचे कसब कमी पडत नाही. कोड म्हणजे कंट्रोलरने नोंदवलेली तक्रार असते आणि आपण तिलाच निदान समजून बसतो, तिथे गाडी अडते.

हा प्रश्न इतका तातडीचा झाला तो धुराच्या नियमांमुळे. चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून भारत स्टेज सीईव्ही-४ आणि १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ हे निकष लागू झाले. यांत्रिक पंपाच्या जागी कॉमन रेल आली, एक्झॉस्टवर फिल्टर आले, युरियाची टाकी आली, आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारे सेन्सर आले. सातारा-कागल महामार्गाच्या रुंदीकरणावर असो की गगनबावड्याच्या पावसात, आजचे यंत्र बंद पडण्याआधी कोड दाखवते आणि स्वतःची ताकद कमी करून घेते. ‘मशीन पिकअप घेत नाही’ या तक्रारीमागे आता डिझेल फिल्टरइतकीच एखादी हिरवी पडलेली पिन असू शकते.

कोडची भाषा गुप्त नाही. बहुतेक अवजड डिझेल यंत्रे एसएई जे-१९३९ या मानकाप्रमाणे बोलतात. त्यात एसपीएन हा आकडा कोणती बाब ते सांगतो आणि एफएमआय हा आकडा तक्रार कसली ते सांगतो. एसपीएन ११० म्हणजे कूलंटचे तापमान. त्यापुढे ० असेल तर मोजमाप खरे आहे आणि इंजिन खरोखर तापले आहे. तिथे रेडिएटर, बेल्ट, थर्मोस्टॅट बघायचे. त्यापुढे ३ असेल तर तक्रार सिग्नलचे व्होल्टेज वर गेल्याची आहे. ‘वर’ एवढे वाचून पुष्कळदा रेडिएटर धुतला जातो. पण या सेन्सरचा रोध उष्णतेने घटतो, म्हणजे इंजिन तापले की व्होल्टेज खाली येते. ते पाच व्होल्टला जाऊन टेकले असेल तर बहुधा तार तुटली आहे, कनेक्टर सुटला आहे किंवा सेन्सर आतून तुटला आहे. तीन शक्यतांमधली एकच सेन्सरची, आणि ती तपासायला नवा सेन्सर लागत नाही. दोन तारांच्या या सेन्सरचा कनेक्टर काढून वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडाव्यात. कोड ३ चा ४ झाला, म्हणजे व्होल्टेज खाली गेल्याची तक्रार आली, तर कंट्रोलरपासून तिथपर्यंतची वायरिंग शाबूत आहे. कोड हलला नाही तर कितीही सेन्सर चढवा, उपयोग नाही. (तीन तारांच्या दाबाच्या सेन्सरवर हा प्रयोग मॅन्युअल न बघता करू नये, पाच व्होल्टचा पुरवठाच शॉर्ट होईल.)

त्या पाच व्होल्टचीही गंमत आहे. कंट्रोलर अनेक सेन्सरांना एकाच वाटेने पुरवठा करतो. एखादी तार घासून चासीला लागली की तो पुरवठा बसतो आणि ऑइल, डिझेल, हवा अशा तीन-चार दाबांचे कोड एकदम पडतात. चार सेन्सर एकाच सकाळी मरत नाहीत. अशा वेळी मल्टिमीटर पाच व्होल्टवर लावून एकेक कनेक्टर काढत जावे. जो काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, त्याच्या पुढे दोष; कोणताही काढून परत आले नाहीत तर दोष तारांमध्ये. कंट्रोलरांमधला संवाद तुटल्याचा कोड असेल तर बॅटरी सोडवून कॅनच्या, म्हणजे कंट्रोलरांना जोडणाऱ्या, दोन तारांमधला रोध मोजावा. दोन टोकांना १२०-१२० ओहम असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा संबंध तुटला आहे.

आता आपल्या कोल्हापूरबद्दल. उद्यमनगरची ख्याती अशी की तुटलेला भाग समोर ठेवा, पॅटर्न बनेल, ओतीव होईल, लेथवर चढेल आणि भाग हातात येईल. १९१८ मध्ये बाबुराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःचा सिनेकॅमेरा याच शहरात बनवला. उघडून बघणे आणि तसेच घडवणे ही इथली विद्या आहे, आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण तिने एक सवयही लावली: दोष म्हणजे एखादी वस्तू, आणि वस्तू बदलली की दोष गेला. विजेच्या परिपथात दोष अनेकदा दोन वस्तूंच्या मधे असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखे पाणी कनेक्टरमध्ये शिरले की बाहेरून सगळे कोरडे झाल्यावरही आत गंज चढत राहतो. तो डोळ्याला दिसत नाही, मीटरला दिसतो.

यावर मालक म्हणतील, मशीन तासाच्या भाड्यावर आहे, मोजत बसायला वेळ कुणाला? सेन्सर हाताशी असेल आणि अंदाज बरोबर निघाला तर बदलणे झटपट होते, हे मान्य. पण अंदाज चुकला की दुसऱ्या सेन्सरची वाट बघण्यात यंत्र जितके उभे राहते, त्यापुढे वर सांगितलेली तपासणी काहीच नाही. जुने मिस्त्री म्हणतील, आम्ही कानाने इंजिन ओळखतो. तो कान हवाच. एसपीएन १०० च्या पुढे १ आला, म्हणजे ऑइलचा दाब खरोखर कमी असल्याची तक्रार आली, तर यांत्रिक गेज लावून खातरजमा करणारा अनुभवी माणूसच लागतो. मात्र त्याच कोडला कंटाळून सेन्सरच्या जागी रोध जोडून कंट्रोलरला फसवणे हा कसबाचा अपमान आहे. इंजिन शेवटी बेअरिंग खाऊनच थांबते.

सर्वांत वजनदार आक्षेप सॉफ्टवेअरचा आहे. कंपनीचा लॅपटॉप नसेल तर काही कोड पुसता येत नाहीत, काही चाचण्या चालवता येत नाहीत. ही तक्रार रास्त आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने पुढे ठेवलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने होती, बांधकाम यंत्रांचे नाव वेगळे नव्हते. अमेरिकेत कोलोरॅडोने २०२३ मध्ये शेतकऱ्यांसाठी असा कायदा केला. आपणही ही मागणी लावून धरली पाहिजे. पण पाच व्होल्ट, ६० ओहम आणि घासलेली तार यांना कुठलाही पासवर्ड नाही. कुलूप लागलेल्या चाचण्यांचे निमित्त करून उघड्या चाचण्या टाळणे मला पटत नाही.

म्हणून बिलात ‘तपासणी’ ही स्वतंत्र ओळ यावी असे मी सुचवतो. आज मजुरी भाग बसवण्याची मिळते. दोष शोधण्याची मिळत नाही, म्हणून भाग बदलले जातात. त्याबरोबर प्रत्येक जॉबकार्डावर कोड पुसण्यापूर्वी तो दोन्ही आकड्यांसह लिहावा, पुरवठ्याचे व सिग्नलचे व्होल्टेज लिहावे, आणि कोणता कनेक्टर काढल्यावर काय बदलले तेही लिहावे. नुसत्या मोजण्याचे पैसे कसले, असे मालकाने विचारले तर तेच कार्ड त्याच्यापुढे ठेवावे, आणि न बदललेल्या सेन्सरची किंमतही सांगावी.