मोत्यांखालचा धागा

बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करविला. मदिनेस पैगंबरसाहेबांच्या कबरीसाठी तो अर्पण करावा, असा त्यांचा संकल्प होता असे परंपरेने सांगतात. १८७० मध्ये महाराज निवर्तले आणि गालिचा बडोद्यासच राहिला. पुढे तो परदेशी गेला व २००९ साली दोहा येथील लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरांस विकला गेला. या गालिच्याविषयी बोलताना मनुष्य मोत्यांची संख्या विचारतो. खालच्या रेशमाची व मृगाजिनाची चौकशी करीत नाही. वस्तुतः मोती गळतो तो धागा तुटल्यामुळे.

गायकवाडांबरोबर बडोद्यास आलेल्या मराठी घराण्यांतून, आणि महाराष्ट्रातही, पेटीच्या तळाशी एखादी पैठणी किंवा शालू असतोच. तिचीही हीच कथा. दारावर जुनी जर घेणारा येतो, वजन करून पैसे मोजतो आणि चांदीसाठी वस्त्र जाळतो. काठावरचे मोर व पोपट राखेत जातात. याहून सौम्य पण तितकीच घातक अवस्था शाळेच्या स्नेहसंमेलनात दिसते. जिजाबाईंच्या भूमिकेसाठी पणजीची पैठणी काढली जाते आणि टाचण्यांनी घट्ट बसविली जाते!

पुष्कळ घरांत वस्त्राचा नाश मायेनेच होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यास उन्हे दाखविण्याची चाल आहे. वस्तुसंग्रहालयात जुन्या रेशमावर ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू देत नाहीत; भर दुपारच्या उन्हाचे मान एक लाख लक्सपर्यंत जाते. म्हणजे उन्हातला एक तास हा संग्रहालयातील दोन हजार तासांबरोबर झाला. उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

हे शास्त्र बडोद्याला नवे नाही. सयाजीबागेतील संग्रहालय १८९४ मध्ये उभे राहिले, आणि १९५२ पासून येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्तुसंग्रहालयशास्त्राचे रीतसर अध्यापन सुरू झाले. तेथील पुष्कळशी शिस्त घरीही पाळता येते. पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशी वस्त्र सावलीत पसरावे. खळ काढलेल्या धुवट मलमलीत ते गुंडाळावे. डांबराच्या गोळ्या जरीस लागू देऊ नयेत. घडी नेहमी त्याच रेषेवर पडली की रेशीम तेथेच चिरते. म्हणून मलमल लपेटलेल्या जाड नळीवर ते गुंडाळणे उत्तम, आणि ते न जमल्यास दर काही महिन्यांनी घडी बदलावी. डाग पडला तर घरी धुण्याचे धाडस करू नये, कारण जुना रंग पाण्यात केव्हा सुटेल याचा नेम नसतो.

आणखी एक गोष्ट. वस्त्र कोणाच्या लग्नातले, कोणत्या सालचे, कोठून आणलेले, हे घरातील वृद्धांना विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवावे. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. शाई दमट हवेत ओघळते आणि रेशमावर उतरते.