बुटक्यांचा किल्ला आणि हरण्याच्या हकिकती



आज आपल्याशी एका खेळाविषयी बोलायचं आहे. खेळ संगणकावरचा आहे. ‘संगणकावरचा खेळ’ एवढं ऐकताच आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि ती अगदीच गैर आहे असं मी म्हणणार नाही. पण या खेळाची गोष्टच निराळी. हा खेळ जिंकता येत नाही. जिंकण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही. खेळायचं, वस्ती उभी करायची, आणि एक दिवस ती कोसळताना बघायची. मग ती कशी कोसळली, हे चार सोबत्यांना सांगायचं. माझं आजचं बोलणं खेळाविषयी थोडं आणि या सांगण्याविषयी जास्त आहे.

खेळाचं नाव ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’, म्हणजे बुटक्यांचा किल्ला. हे बुटके म्हणजे युरोपातल्या लोककथांतली एक कल्पित जमात. ठेंगणे, दाढीवाले, डोंगर पोखरून त्यात राहणारे, खाणकामात आणि लोहारकामात पटाईत. अमेरिकेतल्या टार्न अ‍ॅडम्स आणि झॅक अ‍ॅडम्स या दोघा भावांनी 2002 साली हा खेळ रचायला घेतला आणि 2006 च्या ऑगस्टात तो लोकांपुढे ठेवला. धाकटा टार्न गणितातला डॉक्टरेट. विद्यापीठातलं काम सोडून तो यामागे लागला. थोरला झॅक गोष्टी लिहितो, आणि त्या गोष्टीत जे घडतं ते खेळात घडण्यासाठी काय काय लागेल, याचा दोघे मिळून विचार करतात. सोळा वर्षं हा खेळ त्यांनी फुकट वाटला आणि लोकांनी आपखुशीने पाठवलेल्या देणग्यांवर गुजराण केली. 2022 च्या डिसेंबरात त्याची चित्रांनी सजवलेली आवृत्ती विक्रीला आली. तोपर्यंत त्यात चित्रं नव्हतीच मुळी! पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. मांजर म्हणजे इंग्रजी लिपीतला लहान ‘सी’, हत्ती म्हणजे मोठा ‘ई’. तरीसुद्धा न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने 2012 साली आपल्या संग्रहासाठी पहिले चौदा संगणकीय खेळ निवडले, त्यांत हा एक होता.

खेळ असा आहे. सात बुटके एक गाडा घेऊन रानात येतात. गाड्यावर कुदळ, कुऱ्हाड, थोडं धान्य, बियाणं आणि दारूची पिंपं. (दारूला इलाज नाही. या जमातीला ती मिळाली नाही की तिचे हातपाय मंदावतात, असंच रचनाकारांनी ठरवून टाकलं आहे.) आपण या सातांना थेट हलवीत नाही. आपण फक्त कामं नेमून द्यायची: इथे खणा, इथे पेरा, इथे भिंत बांधा. ती कामं कोण करील, केव्हा करील, की वाटेत जेवायला बसेल, हे ज्याचं त्याने ठरवायचं. घरात चार कर्ती माणसं असणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

आणि इथूनच अपघातांना सुरुवात होते.

पहिला प्रकार आपल्या शेतकरी श्रोत्यांना लगेच कळेल. हे बुटके जमिनीखाली अळंबी पिकवतात. ती कच्ची खाल्ली किंवा तिची दारू गाळली, तर मागे बी उरतं. पण चुलीवर शिजवली की बी गेलं. आता नवा खेळाडू काय करतो? एक आचारी नेमतो आणि ‘छान छान रांधत जा’ म्हणून सोडून देतो. आचारी बिचारा आज्ञाधारक. दोन हंगाम पंगती झडतात, सगळे खूश. तिसऱ्या हंगामात शेतावर गेलेला गडी रिकाम्या हाताने परत येतो, कारण पेरायला दाणा नाही. कोठार भरलेलं दिसत होतं म्हणून खेळाडूने तिकडे पाहिलंच नव्हतं. बियाणं दळून खाण्याची पाळी आपल्याकडे दुष्काळात येते. इथे ती सुकाळात येते, एवढाच फरक.

दुसरा प्रकार पाण्याचा. थंड मुलखात हिवाळ्यात नदी गोठते. धडधाकट बुटक्यांचं काही अडत नाही, ते पिंपाला तोंड लावतात. पण जखमी होऊन पडलेल्याला दारू चालत नाही, त्याला पाणीच पाजावं लागतं. आणि पाणी तर दगड होऊन बसलेलं! अशा वेळी जखम साधी असते, शुश्रूषा करणारा उशाशी उभा असतो, आणि रुग्ण तहानेने जातो. हे एकदा पाहिलेला खेळाडू पुढच्या डावात भिंत बांधण्याआधी डोंगराच्या पोटात पाण्याचं टाकं खोदतो. आपल्या सह्याद्रीतले किल्ले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना गडावर टाकी एवढी का, हे वेगळं सांगायला नको.

काही अपघात मात्र निव्वळ हसण्याजोगे. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणारा शेखचिल्ली आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. या खेळात तो घरोघरी आहे. गवंड्याला सांगावं, ही वाट चिणून टाक; तो इमानाने भिंत पुरी करतो आणि बघावं तर स्वतः आत, आणि बाकी सगळं गाव बाहेर! खाणकऱ्याला सांगावं, ही जमीन खाली पाड. तो तिच्यावरच उभा राहून ती पोखरतो. किल्ल्यात कळी असतात, म्हणजे दांडे ओढायचे: एक ओढला की पूल उचलला जातो, दुसरा ओढला की पाण्याचा दरवाजा उघडतो. कुठला दांडा कशाचा, याची खूण करून ठेवायचा आळस केला की पाहुण्यांसाठी पूल उघडायच्या ऐवजी जेवणघरात नदी येते. पुलाखाली उभे असलेले व्यापारी पूल खाली येताच मालासकट नाहीसे झाले, अशाही हकिकती पुष्कळ आहेत.

एका हकिकतीचं तर लहानसं पुराणच झालं आहे. 2006-07 च्या सुमारास काही खेळाडूंनी मिळून एक किल्ला चालवला. नियम असा, की एकाने एक वर्ष राज्य करायचं, मग खेळ जसाच्या तसा पुढच्याच्या हाती द्यायचा, आणि आपल्या वर्षाचा वृत्तान्त लिहून ठेवायचा. किल्ल्याचं नाव होतं ‘बोटमर्डर्ड’, म्हणजे ‘नाव’ आणि ‘खून’ असे दोन शब्द. यंत्राने आपल्या कोशातून ते कसे जुळवले ते त्याचं त्याला ठाऊक. खेळाच्या त्या आवृत्तीत हत्ती फार भयंकर होते. किल्ल्याबाहेर पाऊल टाकलं की हत्ती अंगावर. मग कारभाऱ्यांनी एक यंत्रणा उभारली: दांडा ओढायचा, की डोंगराच्या पोटातला तप्त लाव्हा बाहेरच्या साऱ्या माळरानावर पसरायचा. दांडा ओढला गेला. हत्ती जळाले, आणि त्यांच्याबरोबर बाहेर जे जे होतं ते सगळं. पुढे आग, वेड आणि आपसातल्या मारामाऱ्या यांत किल्ला संपला. या वृत्तान्ताची गंमत कशात आहे? प्रत्येक नवा कारभारी आला की पहिल्या दिवशी आधीच्याच्या नावाने बोटं मोडतो: ‘हा दरवाजा कुणी बांधला? या दांड्यावर नाव का नाही?’ आणि वर्षअखेर स्वतःही तसाच गोंधळ पुढच्याच्या पदरात टाकून जातो. ज्यांनी बदली होऊन आलेल्या शाळेचं दप्तर ताब्यात घेतलं आहे, ते शिक्षक इथे हसतील.

आता मांजरांची गोष्ट सांगतो. विज्ञान शिकवणाऱ्यांनी ही वर्गात जरूर सांगावी. 2015 च्या डिसेंबरात खेळात दारूचे गुत्ते आले. लगेच खेळाडूंच्या तक्रारी सुरू झाल्या की किल्ल्यातली मांजरं पटापटा मरताहेत, आणि जमिनीवर वांतीच वांती आहे. मांजरांना कुणी मारत नव्हतं, रोग नव्हता, उपासमार नव्हती. मग? रचनाकाराने शोध घेतला. गुत्त्यात पिणाऱ्यांचे पेले हिंदकळत, दारू जमिनीवर सांडे. मांजर त्यातून चालत जाई, पंजे ओले होत. मांजराची जात स्वच्छतेची. ते पंजे चाटून साफ करी. इथवर सगळं बरोबर होतं. प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणासाठी खेळात घातलेली होती. चूक एवढीच होती, की पंजावर चिकटलेली दारू किती, याचा हिशेब यंत्र एका पूर्ण पेल्याचा धरत होतं. एवढासा जीव, आणि प्रत्येक चाटण्याला एक पेला! मांजरं मरणार नाहीत तर काय होईल? मांजरांना दारूने मारावं, असा हुकूम खेळाच्या कुठल्याच ओळीत लिहिलेला नव्हता. चार निरागस नियम एकत्र आले, आणि त्यांतून एक मरण निपजलं.

हीच साखळी माणसांच्या बाबतीत, म्हणजे बुटक्यांच्या बाबतीत, अधिक गंभीर होते. खेळातला प्रत्येक बुटका कुणाचा तरी मित्र, कुणाचा भाऊ, कुणाची आई असतो, आणि यंत्र ही नाती लक्षात ठेवतं. एक मेला, की त्याचा मित्र खिन्न होतो. खिन्नता फार साठली की तो बेभान होऊन सामान फोडतो, दिसेल त्याला मारतो. त्यात दुसरा कुणी मरतो. आता त्या दुसऱ्याचे मित्र खिन्न होतात. शत्रूने एकही बाण न मारता सबंध किल्ला अशा दुःखाच्या वणव्यात संपलेला आहे. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत हे फारच होई. मला स्वतःला या हकिकती वाचताना हसू येत नाही. काही खेळाडू त्या रक्तामांसाच्या वर्णनात चवीने रमतात, तेही मला आवडत नाही, हे इथेच सांगून टाकतो. हा खेळ प्रत्येकाने खेळावा असंही माझं म्हणणं नाही. तो शिकायला अवघड आहे आणि वेळ मनस्वी खातो.

पण एक प्रकार असा आहे की जो सांगताना विनोदी खेळाडूंचाही सूर बदलतो. गोब्लिन नावाची दुष्ट जमात वेढा घालायला येते. दरवाजा बंद करण्याचा दांडा हाताशी आहे. बाहेर एक बुटका अजून आहे. लाकूड तोडायला गेला असेल, नाहीतर मेलेल्या कुणाचे मोजे गोळा करायला. (हसू नका, या मंडळींना मोज्यांचा फार सोस!) तो पळत येतो आहे. मागे शत्रू. दरवाजा त्याच्यासाठी उघडा ठेवला तर शेदीडशे जीव धोक्यात; लावला तर एक जातो, आणि त्याची बायको आत आहे. अक्षराएवढं चिन्ह ते, खोटंच! तरी लोक वर्षांमागून वर्षं त्याचं नाव विसरत नाहीत. त्याचा देह मिळाला नाही, पुरला गेला नाही, तर त्याचं भूत किल्ल्यात फिरू लागतं. मग त्याच्या नावाचा कोरीव दगड उभारावा लागतो, तेव्हा ते शांत होतं. आपल्या गावांच्या वेशीवरचे वीरगळ मला इथे आठवतात.

या खेळाचं ब्रीद असं आहे, की हरणं हीच मौज. नुसतं ब्रीद असतं तर मी आपला वेळ घेतला नसता. मला नवल वाटतं ते हे ब्रीद खरोखर पाळलं जातं याचं. इतर बहुतेक खेळांत माणूस आपला विजय मिरवतो आणि हार झाली की यंत्रावर, नशिबावर, सोबत्यावर खापर फोडतो. इथे जाणता खेळाडू उठून सांगतो: दरवाजा मी लावला नाही, पाण्याची वाट मी चुकीची काढली, बियाण्याकडे मी बघितलं नाही. ऐकणारे त्याची टर उडवतात खरी, पण लगेच विचारतात, पाणी कुठल्या बाजूने आलं? दांडा कुठे होता? आणि कुणीतरी म्हणतो, माझंही अगदी असंच झालं होतं. नव्या माणसाला यातून जेवढं शिकायला मिळतं तेवढं नियमांच्या पुस्तकातून मिळत नाही.

शिक्षक मित्रहो, आपल्या वर्गात चुकलेलं गणित मूल पाटीवर हात ठेवून झाकतं, वही मिटून घेतं. चूक लपवायची असते हे आठव्या वर्षापर्यंत त्याला पक्कं कळलेलं असतं. कुठून कळलं, याचं उत्तर मी आपल्याला सांगायला नको. आठवड्यातून एक तास असा ठेवून पाहा, की ज्यात मुलांनी आपलं चुकलेलंच गणित फळ्यावर मांडायचं आणि कुठल्या पायरीला वाट चुकली ते बाकीच्यांनी शोधायचं. पहिल्या दिवशी कुणी पुढे येणार नाही. तेव्हा खडू आधी गुरुजींनी हातात घ्यावा.

जाता जाता खेळातली एक सोय सांगायची राहिली. किल्ला पडला म्हणून ती दुनिया पुसली जात नाही. डोंगर तिथेच असतो, खोदलेल्या खोल्या तशाच असतात. पुढेमागे आणखी काही बुटके पाठवून त्याच जागी पुन्हा वस्ती करता येते. ती मंडळी आत शिरतात तेव्हा त्यांना जुन्या लोकांनी कोरलेल्या भिंती दिसतात, इतस्ततः पडलेली पिंपं आणि हाडं दिसतात, ज्याने बुडवलं ते पाणी दिसतं, आणि एका कोपऱ्यात, नावाची खूण न केलेला, तो दांडा.