फौजी कोटा: कार्डला काय दिसत नाही?

"तुझे मामा मिलिटरीत होते ना? एक बाटली काढून दे की!" हे वाक्य तुम्ही ऐकलंय, किंवा स्वतः म्हटलंय. आज त्यावरच बोलू.

माझे मामा सातारा जिल्ह्यातले. हवालदार म्हणून रिटायर झाले. स्वतः थेंबही घेत नाहीत. पण लग्नसराई आली की त्यांचा फोन वाजायचा थांबत नाही.

आधी सिस्टिम समजून घेऊ. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, १९४८ साली सुरू झालं. मुख्यालय आपल्या मुंबईत. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्य सरकारचं उत्पादन शुल्क लागतं. बऱ्याच राज्यांत फौजींना त्यात सवलत असते, म्हणून कॅन्टीनची बाटली स्वस्त. आणि सवलत आहे म्हणूनच बंधनंही आहेत. हुद्द्याप्रमाणे महिन्याचा कोटा, स्मार्ट कार्डवर खरेदीची नोंद. ती बाटली बाहेर विकणं हा गुन्हा. पकडलं गेलं तर कॅन्टीनची सवलतच जाऊ शकते.

इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन बरं वाटतं. पण कार्डला फक्त बाटली कोणी घेतली ते कळतं, ती कोणी प्यायली ते कळत नाही.

हे मला गेल्या वर्षी समजलं. एका मित्राने पार्टीसाठी दोन बाटल्या मागितल्या. मी मामांच्या मागे लागून आणून दिल्या. पार्टी नव्हतीच. त्याची नोकरी गेली होती, घरी सांगितलं नव्हतं, आणि रोज रात्री खोलीत एकटाच प्यायचा. आता तो उपचार घेतोय. हे त्याला विचारूनच सांगतोय.

मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू मागितलीस आणि मला नाही म्हणता आलं नाही. मशीनमध्ये नोंद मात्र माझ्या नावाची."

यावर कोटाच बंद करा, असं मी म्हणणार नाही. ज्यांनी नोकरी केली त्यांची ती सवलत आहे, आणि नियम कॅन्टीनच्या काउंटरपर्यंत आपलं काम करतो. काउंटरच्या बाहेर आपण उभे असतो. सैन्यातल्या माणसाला नातेवाइकांना नाही म्हणणं किती जड जातं, ते आपल्याला माहीत असतं आणि आपण त्याचाच फायदा घेतो.

म्हणून एवढंच करा, मागू नका. मी मागणं बंद केलंय. मामांचा फोन आता थोडा कमी वाजतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!